‘पांढऱ्या पेशी जाग्या करतो’ म्हणणाऱ्यांपासून शुगरचे पेशंट सांभाळा

कापसाचा चुकारा खात्यात पडला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत विकणारे फिरू लागतात. यंदा जे आले त्यांनी शुगरचे पेशंट हेरले. माझ्या सासऱ्यांकडून, म्हणजे मामाजींकडून, त्यांनी ११,८०० रुपये नेले. मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे तो त्यांनी सांगितलेल्या शास्त्राचा. ते अर्धं खरं होतं, म्हणून तर चांगली शिकलेली माणसंही अडकली.

समाजमंदिरात मोफत तपासणीचं शिबिर होतं. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली धातूची दांडी. वय, उंची, वजन विचारून टाइप करायचं, दांडी मुठीत धरायला लावायची आणि रंगीत कागद काढून द्यायचे. रक्ताचा थेंबही घेत नव्हते. मामाजींच्या कागदावर ‘रोगप्रतिकारशक्ती ३८ टक्के’ आलं. शेजारचे काकाजी त्यांच्याच वयाचे, तेवढ्याच वजनाचे, आणि त्यांना शुगर नाही. नंतर दोघांचे कागद शेजारी ठेवले तर शुगरसकट बहुतेक आकडे तेच! दांडीतून काही मोजलं जातच नव्हतं.

“काकाजी, गोळीनं साखर दबते, जात नाही. तुमच्या पांढऱ्या पेशी झोपल्या हायेत, त्यायले जागं करा लागते,” असं मामाजींना सांगून त्यांनी तीन महिन्यांची पावडर दिली आणि उपकेंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या बंद करायला लावल्या. पुढे मामाजींना सारखी तहान, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठणं सुरू झालं. फोन केला तर उत्तर, “विष बाहेर पडून राह्यलं, घाबरू नका.” तशातच तुरीचं धसकट पायात शिरलं, जखम चिघळली. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा शुगर ४०० च्या वर होती.

तिथल्या डॉक्टरांनी वेळ काढून सगळं समजावलं. पांढऱ्या पेशींचा शुगरशी संबंध आहे, अगदी पक्का आहे, पण विकणारा सांगतो त्याच्या उलट. पोटावरची चरबी फुगली की तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. सडपातळ माणसाच्या चरबीत त्या शंभरात दहाच्या आत असतात, लठ्ठ माणसात जवळपास ४० पर्यंत जातात. हे २००३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. या पेशी टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं सोडतात आणि त्यांमुळे इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या रसाचं, काम अडतं. लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगात १९९३ सालीच हे दिसलं होतं: टीएनएफ निकामी केल्यावर इन्सुलिन पुन्हा बरं काम करू लागलं. म्हणजे मामाजींच्या पेशी झोपलेल्या नव्हत्या. हातपाय काटक असले तरी पोट सुटलेलं आहे, तिथे त्या नको इतक्या जाग्या असणार. पोट उतरलं, चालणं वाढलं की ही सूज कमी होऊ लागते. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या.

याहून भयंकर प्रकार त्याच शिबिरात होता होता टळला. गावातल्या एका शाळकरी मुलीला टाइप १ डायबिटीस आहे. त्यात शरीराच्या टी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाच मारून टाकतात. जे बनवायचं तेच उरत नाही, म्हणून बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं. १९२२ साली पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी लेकरं फार काळ जगत नसत. त्या पोरीच्या आईला हे लोक म्हणाले, “सुया बंद करा, महिन्याभरात फरक पाहा.” इन्सुलिन थांबलं तर अशा मुलाच्या रक्तात काही दिवसांतच आम्ल साचतं आणि जीव जाऊ शकतो. आशाताई तिथे होत्या म्हणून! त्यांनी तिथल्या तिथे भांडण काढलं आणि मायलेकींना घरी आणून सोडलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पावडरचा डबा मी नीट पाहिला. समोर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘मधुमेह मुळापासून’. मागे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, ‘औषध म्हणून वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळ. पक्कं बिल नाही, वहीतून फाडलेली चिठ्ठी. आता तो नंबर लागत नाही.

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला त्यात मनाई आहे. आम्ही डबा, चिठ्ठी, दांडीचे कागद आणि फोनवरचे मेसेज जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर तो फेकू नका, रिकामा असला तरी ठेवा. आणि घरात कोणी गोळ्या किंवा इन्सुलिन थांबवलं असेल तर तक्रारीचं नंतर पाहा, आधी आजच्या आज जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन रक्ताची साखर तपासा.