तिकीट शेवटच्या बँडचं, रात्र तिसऱ्या बँडची

तिकीट काढलं होतं ते शेवटच्या बँडसाठी. पोस्टरवर त्यांचं नाव हातभर, बाकी तिघांची नावं चष्मा वरखाली करून वाचावी लागतील इतकी बारीक. भाचीने आधीच दम दिला होता, "मामा, पहिले तीन बँड वाजताना बाहेर गप्पा मारत उभा राहिलास तर मी ओळख दाखवणार नाही." म्हणून वेळेवर आत गेलो. कॉलेजात चार वर्षं बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचो, त्यामुळे माझा कान आधी बेसकडे जातो. पुढचं सगळं तेवढं गृहीत धरून वाचा.

पहिल्या बँडची मला दया आली. अशा कार्यक्रमात साउंडचेक, म्हणजे आधी आवाज तपासून घेणं, बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारे आधी तपासून घेतात आणि सुरुवात करणारे सर्वात शेवटी, म्हणजे त्यांची मांडामांड तशीच स्टेजवर राहते. वेळ कमी पडला की कात्री मात्र त्यांच्याच वाट्याला. इथेही तेच झालं असावं. पहिली दोन गाणी गायिकेचे फक्त ओठ हलताना दिसले. ती मॉनिटरकडे, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बोट दाखवून 'वर, वर' अशा खुणा करत होती आणि गिटारवाल्याला वाटलं, त्यालाच आवाज वाढवायला सांगतेय. त्याने वाढवला! तिसऱ्या गाण्याला आवाज लागला तेव्हा कळलं, पोरगी छान गाते. तोवर अर्धा वेळ संपला होता.

दुसऱ्या बँडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ड्रमरचे पाय डबल पेडलवर शिलाई मशीनसारखे चालत होते, पण सगळी गाणी एकाच वेगाची. चौथ्या गाण्यानंतर मी स्टेजवरचे दिवे मोजायला लागलो.

मला खरी गंमत येते ती दोन बँडच्या मधल्या वेळात. लोक मोबाइल काढतात, मी स्टेज बघतो. ड्रमसेट सगळ्यांना एकच, पण स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), झांजा आणि पेडल ज्याचं त्याचं. एक मुलगा तोंडात टॉर्च धरून केबली चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होता, दुसरा गाण्यांच्या यादीचे कागद प्रत्येकाच्या पायाशी लावत होता. वीसेक मिनिटांत सगळं स्टेज बदललं, कुणाचा आवाज चढला नाही. या पोरांना पैकीच्या पैकी.

आणि मग तिसरा बँड. तिघंच जण. दुसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली. जवळ दुसरी गिटार नाही. गिटारवाल्याने बेसवाल्याकडे नुसतं बघितलं, आणि बेसवाला चार सुरांच्या एका तुकड्यावर ठाण मांडून बसला. ड्रमर मोठ्या झांजा सोडून फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि हायहॅटवर (जोडझांजेवर) आला. तेवढ्यात दुसऱ्या बँडचा गिटारवाला बाजूने धावत आला आणि स्वतःची गिटार याच्या गळ्यात अडकवून गेला. पण ती ड्रॉप डी लावलेली, म्हणजे सर्वात जाड तार नेहमीच्या ई सुरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली, डी वर. यांना ती ई वर हवी. या पठ्ठ्याने अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा) आवाज बारीक केला, कान गिटारच्या लाकडाला टेकवला आणि बेसच्या सुराशी ताडून ती तार हळूहळू वर चढवली. चढत्या सुराचा तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. लोक ओरडायचे थांबले. तार जागेवर बसली, त्याने मान डोलावली आणि तिघं एकदम गाण्यात उतरले तेव्हा माझ्या हातावर काटा आला. आमच्या काळात असं झालं असतं तर आम्ही 'एक मिनिट हं' म्हणत माइकपाशी खोकत उभे राहिलो असतो.

मुख्य बँड चाळीस मिनिटं उशिरा आला. उशिराचं ठीक, पण आवाज! मोबाइलवरच्या अ‍ॅपने १०४ डेसिबल दाखवले. अ‍ॅपचा भरवसा किती धरायचा ते सोडा, १०० डेसिबलला पंधरा मिनिटांपलीकडे कान उघडे ठेवू नयेत असा हिशेब आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. भाचीने न बोलता फोमचे बोळे हातात ठेवले. भिंतीजवळ बेस नुसता घुमत होता, म्हणून सगळ्यांचा आवाज जुळवणाऱ्या मिक्सरच्या जवळ जाऊन उभा राहिलो. ज्याच्या हातात फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या, आहेत, तो जिथे ऐकतो तिथे त्यातल्या त्यात बरं ऐकू येतं. पण तोही काय करणार? गिटारचे अँप स्टेजवरच इतके चढवलेले, की त्याने फेडर पार खाली आणला तरी फरक पडेना. एकच संथ गाणं नीट ऐकू आलं आणि तेवढ्यापुरतं पटलं की यांचं नाव मोठ्या अक्षरात का असतं.

तिकीट वाया गेलं असं म्हणणार नाही. मात्र जाणार असाल तर बोळे न्या, भिंत टाळा आणि लवकर जा.

बाहेर पडताना मागच्या दारापाशी तिसऱ्या बँडचा गिटारवाला दिसला. उसनी गिटार मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. परत देण्याआधी ती जाड तार पुन्हा डी वर उतरवत होता.