ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर: मी दोनदा सोडवलेली कलचाचणी

पदवीच्या शेवटच्या वर्षात रसायनशास्त्रावरून माझं मन उडालं. मार्क चांगले पडत होते, त्यामुळे कुणाला सांगितलं तरी पटायचं नाही. "अगं, परीक्षेचा ताण असेल," एवढंच ऐकायला मिळायचं. ताण नव्हता. जर्नलचं पान उघडलं की आत काहीच हलत नव्हतं, आणि पहिल्या वर्षी हलायचं हे मला पक्कं आठवत होतं.

आधी मी पैसे भरून एका समुपदेशन केंद्रात गेले. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, अर्ध्या तासाची चाचणी घेतली आणि जाडजूड अहवाल हातात दिला. त्याचं सार एका ओळीत सांगता येईल: रसायनशास्त्रात गती आहे, तेव्हा त्यातच पुढे शिका. गती आहे हे मलाही माहीत होतं. गती आहे आणि आवड नाही, मग काय करायचं, हा माझा प्रश्न होता. तो त्या अहवालात कुठेच नव्हता.

मग एका मैत्रिणीने ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर सुचवला. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या पाठबळावर चालणारी ही चाचणी 'माय नेक्स्ट मूव्ह' या संकेतस्थळावर आहे. ती फुकट आहे आणि कुठूनही सोडवता येते. भाषा इंग्रजी, पण वाक्यं अगदी छोटी. एकेक काम समोर येतं आणि ते करायला आवडेल का, एवढंच विचारलं जातं. स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं, विटा किंवा फरशा बसवणं, नवीन औषध शोधणं, नाटक लिहिणं, दुकान सांभाळणं, अशी ६० कामं. उत्तरं पाच: अजिबात आवडणार नाही ते खूप आवडेल.

सुरुवातीलाच एक सूचना येते आणि मला सगळ्यात जास्त मदत तिचीच झाली. त्या कामासाठी लागणारं शिक्षण तुमच्याकडे आहे का आणि त्यात पैसे किती मिळतील, याचा आत्ता विचार करू नका, काम आवडेल की नाही एवढंच बघा. तोवर कुणीही मला हा प्रश्न इतका सुटा करून विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

तरी पहिल्या वेळी मी चाचणीशी खोटं बोलले. 'नवीन औषध शोधणे' दिसलं आणि मी लगेच 'खूप आवडेल' दाबलं. 'पाण्याचं प्रदूषण कमी करण्याचे मार्ग अभ्यासणे', तेही खूप आवडेल. तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलेली मुलगी याला नाही कशी म्हणेल? निकालात संशोधक कल सगळ्यात वर आला. पान बंद केलं तेव्हा वाटलं, केंद्रवाले बरोबर होते, माझंच काहीतरी बिघडलंय.

तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवली. या वेळी ठरवलं की प्रत्येक प्रश्नावर त्या कामातला एक तास डोळ्यांसमोर आणायचा. 'नवीन औषध'पाशी मला फ्युम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट, दिसलं, तोच प्रयोग चाळीस वेळा करणं दिसलं, आणि हात आपोआप 'आवडणार नाही'कडे गेला. पुढे 'नोंदी किंवा फॉर्म तपासून त्यातल्या चुका काढणे' आलं. तिथे मी क्षणभरही थांबले नाही. खूप आवडेल! प्रयोगशाळेत मला खरा आनंद कधी व्हायचा, तर मैत्रिणीच्या जर्नलमध्ये एकक चुकलंय हे पटकन सापडायचं तेव्हा. ते काम म्हणून मोजता येतं हे कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या निकालाचे आकडे माझ्या वहीत आहेत. प्रत्येक कलाला ४० पैकी गुण मिळतात. नेटक्या, नोंदी ठेवण्याच्या कामांचा कल ३१, कलात्मक २८, माणसांना शिकवण्या-सावरण्याचा २४, संशोधक १२. हाताने वस्तू बनवण्याचा आणि व्यापार-नेतृत्वाचा, हे दोन त्याहूनही खाली.

या सहा कलांची कल्पना जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या मुलाखती घेताना त्याच्या लक्षात आलं की माणसांचे कामधंदे आणि आवडी थोड्याच ठरावीक प्रकारांत बसतात. त्यावरचा सिद्धांत त्याने १९५९ मध्ये मांडला. पुढे हे सहा कल षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडले गेले. शेजारचे कल एकमेकांशी जुळणारे, समोरासमोरचे सगळ्यात लांबचे. माझे पहिले दोन, नेटका आणि कलात्मक, नेमके समोरासमोर आहेत. हे वाचून आधी घाबरले. मग वाटलं, म्हणूनच तर सुचत नव्हतं! दोन्ही एकत्र मागणारं काम माझ्या ओळखीत कुणीच करत नव्हतं.

निकालानंतर किती तयारीचं काम हवं ते विचारतात, त्याच्या पाच पातळ्या आहेत. मग कामांची यादी येते. यादी लांबलचक आहे आणि इथे चाचणीची मर्यादा कळते. ही आवड मोजते, कुवत मोजत नाही. तुम्हाला ठाऊक नसलेलं कामही नुसत्या नावावरून आवडतं असं म्हणून जाता. शिवाय तिथले पगार आणि मागणीचे आकडे अमेरिकेतले आहेत, दुसरीकडे राहणाऱ्याने ते सोडून द्यावेत. बऱ्याच प्रश्नांना 'सांगता येत नाही' म्हणालात तर सगळे कल सारखेच येतात आणि हाती काही लागत नाही.

माझ्या यादीत बरंच खाली 'टेक्निकल रायटर' होतं. म्हणजे यंत्रं, उपकरणं, प्रक्रिया यांच्या सूचना सोप्या भाषेत लिहिणारी व्यक्ती. हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. ते काम करणाऱ्या दोघी ओळखीतून शोधल्या आणि दोघींना एकच विचारलं: "ताई, मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत असता?" हा प्रश्न माझा मीच तयार केला होता आणि तो जमला, कारण मग कुणी नोकरीचं कौतुक सांगत बसत नाही. एक म्हणाली, इंजिनिअरला फोन करून विचारत असते की हा व्हॉल्व आधी बंद करायचा की नंतर, कारण त्याच्या मसुद्यात दोन्ही लिहिलंय.

त्याच संध्याकाळी मी बुरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंबाथेंबाने सोडायची तोटीवाली काचेची नळी, कशी भरावी हे लिहून काढलं, जिने बुरेट कधी पाहिलीच नाही तिच्यासाठी. कॉलेजच्या पत्रकात होतं: 'बुरेट द्रावणाने भरा.' एवढंच. मी लिहिलं: आधी पाण्याने धुवा, मग जे द्रावण भरायचंय त्याच द्रावणाने थोडं घेऊन धुवा, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होईल. भरून झालं की नरसाळं काढा, कारण त्यातून नंतर एखादा थेंब पडला तर वाचन चुकतं. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का बघा. असला तर तोटी झटकन पूर्ण उघडून तो घालवा. अकरा पायऱ्या झाल्या. पहिल्या वर्षातल्या एका मुलीला दिलं. ती सातव्या पायरीवर अडली, म्हणून ती पायरी फोडून दोन केल्या. रात्रीचे दीड वाजले होते आणि मला झोप आली नव्हती. रसायनशास्त्राच्या कागदासमोर असं दोन वर्षांत झालं नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "मग ही तीन वर्षं?" त्या प्रश्नाने मला आठ दिवस छळलं. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्या सुमारास वाचनात आला. नाटकाच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेले जास्त नाटकं बघायला आले. तिकीट कितीला पडलं यावर नाटक चांगलं की वाईट ते ठरत नाही, तरी पैसे भरलेत म्हणून माणूस जातो. मी एम.एस्सी.चा फॉर्म याच हिशेबाने भरायला निघाले होते.

फॉर्म भरला नाही. पदवी मात्र पूर्ण केली. आज मी रसायनांची सुरक्षा-पत्रकं लिहिते. जागतिक पद्धतीनुसार त्यांचे १६ विभाग असतात: चौथा प्रथमोपचाराचा, सातवा हाताळणी आणि साठवणुकीचा. आम्ल डोळ्यांत उडालं तर काय करायचं, हे घाबरलेल्या माणसाला एका नजरेत कळेल असं लिहायचं असतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला एक छापील पत्रक दाखवून दिलं. चष्मा लावून तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

चाचणीला पाचपैकी चार. एक कापला, कारण पहिल्या वेळी माणूस स्वतःला फसवेल याबद्दल ती सावध करत नाही. ज्याला आपला विषय मनापासून आवडतो आणि फक्त नोकरीची चिंता आहे, त्याला हिचा फारसा उपयोग नाही. मन उडालंय आणि कुठे बसवावं कळत नाही, त्याने जरूर सोडवावी. एकट्याने बसावं, शेजारी आई-बाबा नकोत, मित्रही नकोत. काही आठवड्यांनी पुन्हा सोडवताना पहिले आकडे काढून बघू नयेत.