इंगलवूडची रात्र, सिडकोतली खोली

21 जून 1977 ला लेड झेपेलिन हा ब्रिटिश रॉक बँड कॅलिफोर्नियात, इंगलवूडच्या फोरम या सभागृहात वाजवत होता. माइक मिलार्ड नावाच्या पठ्ठ्यानं प्रेक्षकांत बसून नाकामिची टेपरेकॉर्डरवर तो कार्यक्रम गुपचूप टिपला. त्या टेपवरून एका चाहत्यानं घरबसल्या उभी केलेली नवी आवृत्ती मी गेले तीन रविवार ऐकतोय.

ओझरला एचएएलमध्ये नोकरीला होतो तेव्हा माझ्याकडे याच रात्रीची कॅसेट होती, कॉपीची कॉपी. वेग जास्त, त्यामुळे गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज चिरका, आणि टेप उलटल्याच्या जागी गाणं मध्येच तुटायचं. या नव्या आवृत्तीत वेग जागेवर आलाय. माझी गिटार सोबत लावून पाहिली, सूर तंतोतंत जुळला. तुटलेल्या जागा दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून भरल्यात. सांधा मला एकदाच सापडला, टाळ्यांचा पोत अचानक बदलतो तिथे.

आणि ड्रमर बॉनम! पहिल्याच गाण्यात त्याच्या पायाखालचा बेस ड्रम छातीवर येऊन आदळतो, आमच्या सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा. जुन्या कॅसेटवर तो नुसता डबा वाजल्यासारखा होता.

खरखर काढण्याच्या नादात झांजांची धार मात्र बोथट झालीय. हे मला खटकलं. पण मिलार्डच्या आजूबाजूच्या लोकांच्या आरोळ्या या चाहत्यानं पुसल्या नाहीत, यासाठी त्याचे मनापासून आभार. त्या आरोळ्यांमुळेच आपण नेमके कुठे बसलोय ते कळतं. हेडफोन नको, मोठे स्पीकर लावून ऐका.