मेंटेनन्सच्या काळात वाचलेल्या कर्करोगावरच्या किशोरकादंबऱ्या

कर्करोग झालेल्या मुलीच्या हाती तिच्याच आजारावरची कादंबरी द्यावी का, यावर सांगलीतल्या आमच्या घरी बराच खल झाला आणि अखेर भाचीनेच हट्ट धरल्यामुळे मी पुस्तके मागवली. तिला एएलएल, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. सुरुवातीचे केमो मिरजेत पूर्ण झाले असून सध्या मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ चालणारा उपचारांचा टप्पा, सुरू आहे. शाळा मराठी माध्यमाची असल्याने मी इंग्रजीतून वाचून तिला मराठीत सांगत आले आहे.

जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'ची (२०१२) कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्यामागे आईबाबांचे काय होईल ही कर्करोग झालेल्या नायिकेची, हेझेलची, काळजी भाचीला इतकी जवळची वाटली की तो भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मात्र हेझेलला जगवणारे फॅलँक्सिफॉर हे औषध काल्पनिक असल्याचा खुलासा लेखकाने पुस्तकाच्या शेवटी, आभारात केला आहे, तोवर भाचीने "आत्या, ते औषध मला का देत नाहीत?" असे विचारले होते. असा खुलासा पहिल्याच पानावर हवा.

जेनी डाउनहॅम यांच्या 'बिफोर आय डाय'मधल्या (२००७) सोळा वर्षांच्या टेसालाही रक्ताचाच कर्करोग आहे, आणि हे पुस्तक मी अर्ध्यावर बंद केले. लेखन उत्तम आहे, पण विकसित देशांत एएलएल झालेली सुमारे ९० टक्के मुले निदानानंतर पाच वर्षांहून अधिक जगत असताना कादंबरीमागून कादंबरी मृत्यूवरच संपत असेल, तर मुलांनी अपवादालाच नियम समजावे यात नवल नाही.

माझी मुख्य तक्रार पुस्तकांत न येणाऱ्या गोळ्यांविषयी आहे. एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यातला मोठा भाग मेंटेनन्सचा असतो: रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, काउंटसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्यासाठी, पुन्हा पुन्हा रक्त देणे, तोंडातले फोड, आणि काउंट घसरले म्हणून ऐनवेळी रद्द झालेली शाळेची सहल. या कंटाळवाण्या, चिकाटीच्या काळात मुले खरोखर जगत असतात, आणि नेमका तोच काळ या लेखकांना लिहिण्याजोगा वाटत नाही, असे माझे ठाम मत झाले होते.

जॉर्डन सॉनेनब्लिक यांच्या दोन पुस्तकांनी ते बदलले. 'ड्रम्स, गर्ल्स अँड डेंजरस पाय'मध्ये (२००४) धाकट्या जेफ्रीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतो आणि थोरला भाऊ स्टीव्हन घरातली पैशांची ओढाताण सांगतो. आईने सोडलेली नोकरी आणि बिलांपुढे गप्प झालेले वडील आमच्या घरी कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. 'आफ्टर एव्हर आफ्टर'मध्ये (२०१०) तोच जेफ्री आठवीत आहे, उपचारांमुळे थोडा लंगडतो आणि गणितात अडखळतो. बरे झाल्यानंतरचे आयुष्य इतक्या नेमकेपणाने इतर कोणी लिहिलेले मला आढळले नाही. या पुस्तकाची पहिली प्रत अंधूक, चोरून छापलेली निघाली आणि विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला. दुसरी, परदेशातून आलेली प्रत महाग पडली, तरी तो खर्च मला जड वाटत नाही.

उपचार चालू असलेल्या घरांनी सॉनेनब्लिक यांच्यापासून आरंभ करावा, ग्रीन यांचे पुस्तक मोठ्या माणसाने सोबत बसून वाचावे आणि डाउनहॅम यांचे पुस्तक उपचार संपेपर्यंत दूर ठेवावे. जेफ्रीची दोन्ही पुस्तके एखाद्या प्रकाशकाने मराठीत आणावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवरची मुलेही मराठीच वाचतात.