पाचोळा ओढणारा ब्लोअर: बांधावरचे किडे मोजायला कितपत कामाचा?

बागेतला पाचोळा गोळा करणाऱ्या ब्लोअरच्या तोंडाशी जाळीची पिशवी बसवायची आणि गवतातले किडे ओढून घ्यायचे, ही युक्ती आता रुळली आहे. कीटकशास्त्रज्ञ डिट्रिकने 1961 साली पाठीवर घ्यायचं ‘डी-व्हॅक’ हे किडे ओढायचं यंत्र मांडलं, ते अवजड होतं. 1994-95 च्या सुमारास ‘व्हॉर्टिस’ हे खास कीटकांसाठीचं यंत्र आणि बागेच्या ब्लोअरचं स्वस्त रूपांतर, दोन्ही पाठोपाठ आली. बांध, कडेची गवतपट्टी आणि आतलं पीक यांची तुलना करायची असेल, तर हे रूपांतर पैसे वसूल करून देतं. मात्र त्याचे आकडे जसेच्या तसे खरे धरले, तर ते किड्यांइतकंच गवतही मोजत बसतं.

घेताना आधी एक गोष्ट तपासा: यंत्रासोबत ओढण्याची नळी येते का. नुसता फुंकणारा ब्लोअर इथे उपयोगाचा नाही. बऱ्याच मॉडेलांत नळी नीट अडकवल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. यंत्र बिघडलंय असं वाटलं तर आधी तिथला खटका पाहा. दोन-स्ट्रोक इंजिनाला बहुधा 50:1 मिश्रण लागतं, म्हणजे लिटरमागे 20 मिली ऑइल. तरी पुस्तिकेत दिलंय तेच प्रमाण घ्या. बॅटरीवरचं यंत्र हलकं आणि कमी आवाजाचं असतं, पण पूर्ण वेगावर बॅटरी भराभर उतरते. दिवसभराचं काम असेल तर जादा बॅटऱ्या धरूनच हिशेब करा. पेट्रोलच्या यंत्राला कानाचं संरक्षण हवंच.

खरी मेख पिशवीत आहे. ती नळीच्या टोकाला, पंख्याच्या आधी बसली पाहिजे. यंत्रासोबत मागे लावायची जी पिशवी मिळते तिच्यात किडे पंख्यातून चिरडून येतात, ओळखायला पाय आणि पंखांचे तुकडेच उरतात. जाळीची छिद्रं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावीत. मच्छरदाणीतून बारीक परजीवी गांधीलमाश्या आणि स्प्रिंगटेल (मातीतले बिनपंखी, उड्या मारणारे बारीक जीव) सरळ निसटतात; उलट मलमलीसारखं दाट कापड हवा अडवतं आणि ओढच मरते. पिशवीची लांबी वीतभर पुरे. तोंड नळीच्या कडेवरून बाहेर दुमडून जाड रबरी पट्ट्याने आवळायचं. पट्टा सैल असला की पिशवी आत ओढली जाऊन पंख्यात गुंडाळते. म्हणून नळीत, पिशवीच्या मागे, मोठ्या छिद्रांची तारेची जाळी आडवी बसवून घ्या. हा भाग तयार मिळत नाही, पण त्याच्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नये.

वापरताना तोंड उभं धरून जमिनीपर्यंत दाबायचं, ठरलेले सेकंद (दहा ठेवले तरी चालतात, पण सगळीकडे तेवढेच) थांबायचं, उचलून पुढच्या जागी. तोंड अधांतरी धरून गवतावरून फिरवलं की बाजूची हवा आत येते आणि तिच्याबरोबर वर्तुळाबाहेरचे किडेही. छोट्या तोंडाच्या यंत्राचा हा मूळ दोष आहे: क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, त्यामुळे दर चौरस मीटरची संख्या फुगते. पिशवी बसवल्यावर आतला व्यास मोजा. तो 12 सेंटिमीटर भरला तर एका दाबाचं क्षेत्र 113 चौरस सेंटिमीटर, दहा दाबांचं जेमतेम 0.11 चौरस मीटर. एका नमुन्याला दहा दाब कमीच पडतात.

नमुना संपला की इंजिन बंद करायचं नाही. चालू ठेवूनच तोंड आकाशाकडे वळवायचं, पिशवी मुठीत आवळून काढायची, मगच बंद. आधी बंद केलं तर तुडतुडे आणि माश्या डोळ्यांदेखत उडून जातात. यंत्र आडवं-उलटं होताना टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपत नाही ना, हे आधीच पाहून ठेवा.

आता गवताच्या उंचीचा प्रश्न. आखूड, विरळ गवतात यंत्र उत्तम ओढतं. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं किंवा लोळलेलं असलं की पाती चपटी होऊन खालच्या थरावर झाकण बसतं आणि बुडाशी असलेले कोळी जागचे हलत नाहीत. बांधावर दाट गवत आणि शेजारी नुकतंच उगवलेलं पीक अशी तुलना केली, तर बांध असतो त्यापेक्षा गरीब दिसतो. यावर उपाय आहे. बिनबुडाचं पिंप जमिनीत किंचित दाबून जागा बंदिस्त करा, आत एकदा ओढा, गवत कापून पिशवीत भरा, पुन्हा ओढा. प्रत्येक प्रकारच्या जागेत काही ठिकाणी तरी, तेवढाच वेळ आणि त्याच पद्धतीने, दोनदा ओढून पकड किती घटते ते पाहा. समजा पहिल्यांदा 60 आणि दुसऱ्यांदा 30 किडे आले. पहिल्या संख्येचा वर्ग भागिले दोन्हींतला फरक, म्हणजे 3600 भागिले 30, एकूण अंदाज 120. म्हणजे पहिल्या ओढीत निम्मेच हाती आले. हा हिशेब दोन्ही वेळा पकडण्याची शक्यता सारखीच धरतो, तेव्हा गवत कापून केलेल्या दुसऱ्या ओढीला तो लावू नका. बांधावर आणि पिकात हे प्रमाण वेगळं निघालं तर कच्च्या आकड्यांवर आलेख काढण्यात अर्थ नाही.

ओल्या गवतात यंत्र काढूच नये. दव उतरलं नसेल तर किडे, माती आणि पाती यांचा चिखल होऊन पिशवी कोंडते, हवेचा वेग घसरतो आणि पुढचे सगळे दाब कमी पडतात. हवेचा वेगमापक तोंडाशी धरून रोज सुरुवातीला एक नोंद घेतली तर ही घसरण पकडता येते.

यात काय सापडतं? तुडतुडे, छोटे कोळी, माश्या, परजीवी गांधीलमाश्या, बारीक भुंगेरे, ही यादी चांगली भरते. जमिनीवर धावणारे मोठे शिकारी भुंगेरे मात्र जवळजवळ येत नाहीत. ते बरेचसे रात्री फिरतात, दिवसा ढेकळांखाली असतात. त्यांच्यासाठी जमिनीशी काठ समतल करून पुरलेले, धावता धावता आत पडावेत असे पेलेच हवेत, आणि पेल्यातली संख्या किडे किती आहेत यासोबत किती धावतात यावरही ठरते. दोन्ही आकडे एका रकान्यात बेरजेला घेऊ नका. मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी तर हे यंत्र घेऊच नये. ठरलेल्या वाटेवर चालत मोजणंच बरं.

वेळेचा अंदाज घेताना ओढण्याचा नव्हे, निवडण्याचा घ्या. मिनिटभर ओढलेल्या पिशवीतला कचरा, बिया आणि माती यांतून किडे वेगळे करायला तास सहज जातो. पिशवी जिवंत ठेवली तर कोळी बाकीच्यांना खातात, म्हणून किडे मारायला लगेच इथाइल ॲसिटेटचा बोळा टाका किंवा बर्फाच्या डब्यात ठेवून फ्रीझरमध्ये न्या. साठवण 70 टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहून बाटलीच्या आत टाका; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग कुठली बाटली बांधाची, कुठली पिकातली, हे कुणालाच सांगता येत नाही.