काउंटरखालचं पॅनिक बटण: तीन महिने वापरून

क्लोजिंगच्या वेळी एक जण कॅशवरच्या मुलीच्या अंगावर धावून आला, बाकी सगळे आत माल लावत होते आणि तिने हाक मारली ती म्युझिकमध्ये कुणाला ऐकूच आली नाही. त्यानंतर स्टाफच्या सेफ्टीसाठी काय काय करता येतं ते शोधत बसलो आणि हे वायरलेस किट घेतलं, चार बटणं आणि एक रिसीव्हर.

रेंज खोक्यावर १०० मीटर लिहिलीय, पण ती मोकळ्या मैदानातली हो, दुकानात लोखंडी रॅक असतात. कोल्ड रूमचं दार लावलं की सिग्नल गायबच. म्हणून आधी एकाने बटण घेऊन कोपरान् कोपरा फिरायचं, दुसऱ्याने रिसीव्हरपाशी उभं राहायचं, मगच चिकटवायचं. आम्ही आधी गुडघ्याजवळ लावलेलं, पहिल्याच आठवड्यात पाच वेळा उगाच वाजलं. आता साइडला आहे, मुद्दाम बोट घालावं लागतं.

सगळ्यात मोठी गडबड सायरनची. किट येतं तेच मोठ्या आवाजावर सेट होऊन. अरे, समोर चाकू घेऊन माणूस उभा असताना वर भोंगा वाजला तर तो बिथरून काय करेल सांगता येतं का? सायलेंट मोड आहे, आत मॅनेजरच्या टेबलावर नुसता लाइट लागतो, पण ते सेटिंग शोधायला अर्धा तास गेला. आवाज हवा तो मागच्या दाराने कचरा टाकायला एकटं जाणाऱ्याच्या गळ्यातल्या बटणाला.

आणि बटण दाबल्यावर पुढे काय, हे किटमध्ये येत नाही, ते आपणच ठरवायचं. आमचं असं ठरलंय की दोघांनी मिळून जायचं, अंगाला हात लावायचा नाही, पैसे मागितले तर देऊन टाकायचे, तिसऱ्याने पोलिसांना फोन करायचा. शिवाय गल्ल्यात थोडीच कॅश ठेवायची, बाकी फटीतून तिजोरीत टाकायची, आणि शटर कधीच एकट्याने ओढायचं नाही. खरं सांगू, बटणापेक्षा ह्याचाच उपयोग जास्त झाला. न्यूयॉर्कमध्ये २०२४ ला दुकानातल्या कामगारांसाठी कायदा झाला, त्यातही ट्रेनिंग २०२५ पासून आणि मोठ्या कंपन्यांना बटण २०२७ पासून, तेही सायलेंटच. वाचून बरं वाटलं, आपण उलटं नाही करत आहोत.

एक स्टार कापला बॅटरीसाठी. साधा सीआर २०३२ सेल आहे, कुठेही मिळतो, पण तो संपत आला की लुकलुकतं ते बटणच, आणि ते काउंटरखाली, बघणार कोण? आता दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी चारही दाबून बघतो. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, बटण दिसेल अशा जागी लावा. दिसेल असंच लावायचं होतं तर भिंतीवर बेल काय वाईट होती!