गोवरीचा धूर की फॉग मशीन?

मध्ययुगीन वातावरणाची शॉर्टफिल्म कमी पैशात करायची म्हटलं की आधी सगळे तलवारी आणि चिलखतांमागे लागतात. आम्हीही लागलो होतो. सुतळीची जाळी विणली, तिच्यावर रुपेरी स्प्रे मारला, वर घोंगडी टाकली आणि चार हातांवरून बघितलं की झाला शिपाई तयार. हे सगळं खपून जातं. कॅमेऱ्यात खपत नाही ती सोलापूरकडची कोरडी, स्वच्छ हवा. गढीच्या बुरुजामागे मोबाइलचा टॉवर, त्याच्या शेजारी विजेचा खांब, आणि दोन्ही इतके लख्ख की राजा-प्रधान सगळे गॅदरिंगमधले वाटतात. म्हणून धूर हवाच. एडिटिंगमध्ये वरून चढवलेला धूर करून पाहिला, पण दिवटी हलली तरी त्याच्यावरचा उजेड हलत नाही, त्यामुळे तो नाद सोडला. उरले दोन पर्याय. मी दोन्ही वापरले आहेत.

फॉग मशीन सोलापुरात कुठल्याही मंडप-डेकोरेशनवाल्याकडे भाड्याने मिळतं, नवरा-नवरीच्या एंट्रीला लागतं तेच. ग्लायकॉल आणि पाण्याचं लिक्विड तापवून त्याची वाफ बाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. धूर पांढराशुभ्र, डोळ्यांना फारसा त्रास नाही, बटण दाबलं की हजर. बंद खोलीत शूट असेल तर याच्याशी भांडण नाही. कोंडलेल्या जागेत गोवऱ्या पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि टीममध्ये कोणाला दमा असेल तर प्रश्नच मिटला.

आमची गोष्ट मात्र उघड्यावरची होती. मंगळवेढ्याकडच्या एका गावातली पडकी गढी, तिचा शेवटचा पहारेकरी आणि धुक्यातून रोज येणारी एक बाई. गढीला वीज नाही. जानेवारी, त्यात सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, त्यामुळे जनरेटर मिळता मिळेना. शेवटी मिळाला तो इतका खडखडणारा की लांब ज्वारीच्या बांधावर नेऊन ठेवला, तरी प्रत्येक संवादाखाली त्याची घरघर ऐकू येते. तेही मी चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

लहान मशीनचा हीटर धूर सोडता सोडता थंड पडतो आणि पुन्हा तापेपर्यंत मशीन गप्प बसतं. आमचं वीस-पंचवीस सेकंद फुसफुसायचं, मग दोन-तीन मिनिटं मौनव्रत. पहारेकरी दिवटी उचलून दरवाजाकडे वळतो, हा आमचा सगळ्यात लांब शॉट. तो वळायला आणि मशीन थंड पडून त्याचा दिवा विझायला एकच गाठ पडायची. चार टेक झाले. एकात धूर छातीपर्यंत, दुसऱ्यात घोट्यापाशी, तिसऱ्यात नुसता फुस्स आवाज. एडिटिंगला बसल्यावर दोन तुकडे एकमेकांना जुळेनात. मोठं, जास्त वॅटचं मशीन घेतलं असतं तर कदाचित हा ताप झाला नसता, हे मान्य. पण मग जनरेटरही मोठा लागला असता आणि घरघरही मोठी.

दुसऱ्या दिवशी गोवऱ्या आणल्या. पहिला प्रयत्न फसला, कारण खडखडीत वाळलेल्या गोवऱ्यांनी भडका घेतला आणि धूर नावाला. गढीच्या पायथ्याच्या घरातली आजी मघापासून बघत होती. म्हणाली, ‘‘आरं लेकरा, वाळकं शेणकूट जळतंय नुसतं, धूर कशाचा देईल? वरनं कडुलिंबाचा पाला टाक की.’’ आधी निखारा होऊ द्यायचा, मग ओला पाला, आणि जाळ दिसला की पाण्याचा हबका. पाच घमेली वाऱ्याच्या वरच्या अंगाला ओळीने मांडली. एकातला धूर संपत आला तरी बाकीची चार चालू असतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं पडदा सारखाच राहतो. मला हवं होतं ते नेमकं हेच.

रंगाचंही बोलायला हवं. या धुराचे कण फार बारीक असतात. काळ्या दगडापुढे तो निळसर दिसतो आणि मागून उजेड आला की तांबूस होतो. मशीनचे थेंब त्या मानाने मोठे, म्हणून त्याचा धूर नेहमी पांढराच. लग्नात पांढरं शोभतं. जुन्या गढीला, माझ्या मते, निळं शोभतं. ही आवड आहे, वाद घालायची माझी तयारी नाही.

त्रासही सांगतो. डोळे चुरचुरतात, दर शॉटनंतर लेन्स पुसावी लागते, आणि घोंगड्यांचा वास अजून गेलेला नाही. शिवाय धूर कुठलाही असो, वेळ एकच आहे, सूर्य उगवायच्या जरा आधीपासून पुढे जेमतेम पाऊण तास. तेव्हा जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, म्हणून धूर खाली पसरून राहतो. ऊन तापलं की तो वर जातो आणि वाराही सुटतो. शूट सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात किंवा नळदुर्गला करायचं असेल तर गोवरीचा विचारच नको. संरक्षित वास्तूत परवानगी काढूनच जावं लागतं, विस्तव तिथे चालत नाही, आणि तुम्हाला हवी ती पहाट दरवाजाबाहेर उभं राहण्यात जाते. तिथे बॅटरीवरचं एखादं मशीन चालतं का, ते परवानगी मागतानाच विचारून घ्या.

उघड्यावरची खासगी गढी किंवा वाडा असेल आणि मालक चहा पाजून हो म्हणाला असेल, तर मी पुन्हा गोवऱ्याच घेईन. जवळपास कडब्याची गंजी नाही ना, एवढं आधी बघा. ओलं पोतं आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवा. प्रत्येक घमेल्याखाली दोन विटा द्यायला विसरू नका. आम्ही एकाखाली विसरलो. आता फिल्म लावली की मला पहारेकरी दिसतच नाही, त्याच्या पायाशी गवतावर उमटलेलं ते काळं रिंगण तेवढं दिसतं.